पल्प कन्व्हेन्शनचा डोनर आणि पल्प कन्व्हेन्शनचा स्पॉन्सर, यात फरक काय

जुन्या अमेरिकन पल्प मासिकांच्या, म्हणजे स्वस्त कागदावर छापलेल्या कथांच्या मासिकांच्या, फॅन्सची कन्व्हेन्शन्स भरतात हे बऱ्याच जणांना माहिती असतं, पिट्सबर्गजवळ पल्पफेस्ट भरतं, शिकागोजवळ विंडी सिटी भरतं, आणि या सगळ्याची सुरुवात १९७२ च्या पल्पकॉनपासून झाली. पण ही कन्व्हेन्शन्स चालतात कशावर हे फारसं कुणी विचारत नाही. नुसत्या मेंबरशिपच्या पैशात भागणं अवघड असतं, हॉटेलचा हॉल, डीलर्सची टेबलं, प्रोजेक्टर, इन्शुरन्स, प्रोग्रॅम बुकाची छपाई, सगळा खर्च असतो आणि चालवणारे बहुतेक व्हॉलंटियर असतात. मग कुणीतरी जास्तीचे पैसे घालतं. त्या घालणाऱ्यांना आपण सरसकट "स्पॉन्सर" म्हणून मोकळे होतो, किंवा सरसकट "देणगीदार", आणि तिथेच गोंधळ सुरू होतो, कारण ही दोन वेगळी माणसं आहेत आणि त्यांच्याशी वेगळं वागावं लागतं.

थोडक्यात सांगायचं तर डोनर पैसे किंवा वस्तू देतो आणि बदल्यात काही मागत नाही, आभार मानले तर ठीक, नाही मानले तरी व्यवहार पूर्ण झालेला असतो. स्पॉन्सर पैसे देतो ते आपलं नाव लोकांसमोर यावं म्हणून, त्याच्या बाजूने तो मार्केटिंगचा खर्च असतो. दोघंही पल्पवर जीव टाकणारे असू शकतात, एकच माणूस एका वर्षी डोनर आणि दुसऱ्या वर्षी स्पॉन्सर असू शकतो. माणूस कोण आहे यावर काही ठरत नाही, बदल्यात काय ठरलंय यावर ठरतं.

हा फरक खरं तर पल्प मासिकांच्या जन्मातच आहे. फ्रँक मन्सी नावाच्या प्रकाशकाने १८९३ मध्ये आपल्या मन्सीज मॅगझिनची किंमत २५ सेंटवरून १० सेंटवर आणली, म्हणजे अंक विकून सुटत नसलं तरी खप वाढला की जाहिरातदारांकडून पैसा येणार हा हिशेब. आणि त्याच मन्सीने १८९६ मध्ये आपलं आर्गसी हे मासिक पूर्णपणे कथांचं केलं, लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त कागदावर छापलं, तिथून पल्प सुरू झाली. पुढे गुळगुळीत कागदावरची "स्लिक" मासिकं जाहिरातदाराच्या जिवावर चालली आणि पल्प मुख्यतः स्टँडवर नाणं टाकून अंक उचलणाऱ्या वाचकाच्या जिवावर. जाहिराती पल्पमध्येही होत्या, पण खरा भार वाचकावर. म्हणून मला वाटतं की पल्प कन्व्हेन्शनमध्ये डोनरचं स्थान जरा खास आहे, तो त्याच वाचकाचा वारस आहे. स्पॉन्सर कमी दर्जाचा असं मुळीच म्हणायचं नाही, त्याच्याशिवाय छपाईचं बिल भागत नाही.

आता अमेरिकेतल्या टॅक्सच्या नियमांकडे येऊ, कारण दोघांतली रेघ सगळ्यात स्पष्ट तिथे दिसते. कन्व्हेन्शन चालवणारी संस्था ५०१(सी)(३), म्हणजे धर्मादाय संस्थांच्या टॅक्स कलमाखाली, नोंदलेली असेल तरच देणगीवर वजावट मिळते. नसेल तर तुम्ही दिलेले पैसे मनापासूनची भेट आहेत, छान आहे, पण टॅक्समध्ये काही मिळणार नाही, आणि हे आधीच विचारून घ्यावं. नोंदलेली असेल तर २५० डॉलर किंवा जास्त देणाऱ्याला वजावटीसाठी संस्थेचं लेखी पत्र लागतं, आणि त्या पत्रात बदल्यात काही दिलं की नाही हे लिहावंच लागतं. ७५ डॉलरच्या वर पैसे घेऊन बदल्यात काही दिलं, समजा १०० डॉलर घेऊन ४० डॉलरचं जेवण दिलं, तर संस्थेने सांगायला हवं की यातले ६० च देणगी आहेत. सपोर्टिंग मेंबरशिप घेतली, कन्व्हेन्शनला गेलोच नाही आणि प्रोग्रॅम बुक पोस्टाने घरी आलं, तर तिथेही हाच विचार करायचा, पुस्तकाची किंमत वजा.

स्पॉन्सरचं गणित वेगळं. तो धंदा असेल, म्हणजे पल्पचे रीप्रिंट काढणारा प्रकाशक, जुन्या पुस्तकांचा विक्रेता, ऑक्शन हाउस, तर तो हा पैसा सहसा जाहिरातीचा खर्च म्हणून दाखवतो, देणगी म्हणून दाखवायची त्याला गरजच नसते. प्रश्न असतो कन्व्हेन्शनसमोर. अमेरिकन कायद्यात १९९७ पासून "क्वालिफाइड स्पॉन्सरशिप पेमेंट" अशी सोय आहे, स्पॉन्सरचं नाव, लोगो, पत्ता, फोन, तो काय विकतो याची साधी माहिती एवढंच छापलं तर ते आभार धरले जातात आणि त्या पैशावर संस्थेला धंद्याच्या उत्पन्नाचा टॅक्स लागत नाही. पण त्यात किंमत आली, सूट आली, "आमचेच रीप्रिंट सर्वात चांगले" आलं, "आजच घ्या" आलं, की ती जाहिरात झाली.

प्रोग्रॅम बुकातल्या अर्ध्या पानाचं उदाहरण घ्या. वर प्रकाशकाचा लोगो, खाली "या वर्षीच्या कन्व्हेन्शनला यांचं सहकार्य लाभलं", खाली वेबसाइट. हे चाललं. त्याच पानावर एका कोपऱ्यात "कन्व्हेन्शनमध्ये घेतल्यास २० टक्के सूट" एवढी एक ओळ टाकली तर नियमाप्रमाणे त्या ओळीपुरतंच नाही, तो पूर्ण मजकूरच जाहिरात धरला जातो, आभार आणि जाहिरात एकाच मजकुरात मिसळली की जाहिरातच जिंकते. वर्षातून एकदाच होणारी गोष्ट असल्यामुळे त्यावर टॅक्स बसेलच असं नाही, पण तो वेगळा वाद आहे आणि तो अकाउंटंटशी घालायचा. माझं मत विचाराल तर जाहिरात घ्यायची असेल तर सरळ जाहिरात म्हणून घ्या, दर लावा, पान विका, त्यात लाजण्यासारखं काय आहे, पल्पच्या मागच्या पानांवर बॉडीबिल्डिंगच्या आणि पोस्टाने शिकायच्या कोर्सच्या जाहिराती बघत बघतच आपण ती मासिकं वाचतो.

अजून एक मुद्दा डीलर टेबलचा. स्पॉन्सरने १००० डॉलर दिले आणि त्याला फुकट टेबल दिलं, ज्याचं भाडं एरवी १२० डॉलर असतं असं धरू. बदल्यात दिलेल्या गोष्टींची किंमत रकमेच्या २ टक्क्यांपर्यंत असेल तर ती सोडून देतात, इथे २ टक्के म्हणजे २० डॉलर, टेबल त्याच्या किती तरी वर गेलं, त्यामुळे फक्त ८८० स्पॉन्सरशिप आणि १२० टेबलाचं भाडं असा हिशेब करावा लागतो. आणि "इतके लोक आले तर इतके पैसे" अशी अट घातली तर ते पैसे क्वालिफाइड स्पॉन्सरशिपमध्ये बसतच नाहीत.

पण सगळ्यात जास्त घोळ पैशात नसतो, ऑक्शनमध्ये असतो. पल्प कन्व्हेन्शनला संध्याकाळी ऑक्शन असतं आणि त्याआधी अंक बघायला टेबलावर मांडतात. तिथला एखादा १९३० च्या दशकातला अंक हातात घेऊन बघा, कव्हर आतल्या पानांपेक्षा मोठं, त्यामुळे बाहेर आलेली कड दुमडलेली, फाटलेली, स्पाइनवर कुणीतरी जुन्या काळी चिकटवलेली आणि आता पिवळी पडलेली टेप, आतला कागद तपकिरी, आणि पान उलटलं की कडेचे तुकडे टेबलावर पडतात कारण त्या कागदातलं लिग्निन आणि ॲसिड त्याला आतून खात असतं. त्याच्यासोबत एक चिठ्ठी, लॉट नंबर. आता हा अंक "ऑक्शनला दिला" असं कुणी म्हणालं तर त्याचे दोन अर्थ होतात. एक, त्याने तो कन्व्हेन्शनला दिला, विकून आलेले सगळे पैसे कन्व्हेन्शनचे, हा डोनर. दोन, त्याने तो विकायला ठेवला, पैसे त्याचे आणि कन्व्हेन्शनला ठरलेलं कमिशन, हा कन्साइनर, हा डोनरही नाही आणि स्पॉन्सरही नाही. मोठे कलेक्टर वारल्यावर त्यांच्या घरच्यांकडून जे खोकेच्या खोके येतात ते बरेचदा या दुसऱ्या प्रकारचे असतात आणि त्यात गैर काहीच नाही, पण खोलीतल्या लोकांना कुठल्या लॉटचे पैसे कुणाला जातात हे माहीत असायला पाहिजे, कारण कन्व्हेन्शनला मदत म्हणून कुणी दहा डॉलर जास्तीची बोली लावत असेल तर ते दहा डॉलर खरंच कन्व्हेन्शनला जायला हवेत ना.

वस्तू देणाऱ्या डोनरला आणखी एक गोष्ट कळत नाही आणि कळली की वाईट वाटतं. समजा एखाद्याने तरुणपणी ५ डॉलरला घेतलेला वीअर्ड टेल्स या पल्प मासिकाचा अंक दिला आणि ऑक्शनमध्ये तो ४०० ला गेला. वजावट ४०० ची मिळेल असं वाटतं. पण संस्था वस्तू स्वतःच्या कामासाठी ठेवत नाही, विकते, त्यामुळे वजावट त्याने मोजलेल्या ५ डॉलरपुरतीच. तोच अंक पल्पचं कलेक्शन जपणाऱ्या लायब्ररीला दिला आणि तिने तो वाचकांसाठी ठेवून घेतला तर बाजारभावाने वजावट मिळू शकते. आणि बोली लावणाऱ्याने ४०० चा अंक ४०० ला घेतला तर त्याने देणगी काहीच दिली नाही, त्याने खरेदी केली, बाजारभावाच्या वर जे मोजलं तेवढंच देणगी. यावरून काही लोक म्हणतात की मग ऑक्शनला कशाला द्यायचं, स्वतः विकावं आणि रोख द्यावी. हिशेबाने नफ्यावरचा टॅक्स बघून ते बरोबरही असू शकतं. पण मला ऑक्शनला आलेला अंक आवडतो, तो दुसऱ्या वाचकाच्या घरी जातो आणि त्या संध्याकाळी खोलीत बसलेले सगळे तो जाताना बघतात.

वेळ देणाऱ्यांचं पटकन सांगतो, टेबलं लावणाऱ्या व्हॉलंटियरच्या वेळेवर वजावट नाही, खिशातून केलेल्या खर्चावर असू शकते. आणि हॉटेलमध्ये रूम घेणारे साधे मेंबर, ते तर कुठल्याच यादीत नसतात, पण कन्व्हेन्शनने हॉटेलशी ठराविक रूम भरायचा करार केलेला असतो, त्या भरल्या की हॉल स्वस्तात किंवा फुकट मिळतो, नाही भरल्या तर दंड. म्हणजे शेजारच्या स्वस्त मोटेलमध्ये न जाता तिथेच राहणारा माणूस छोट्या स्पॉन्सरइतकं काम करून जातो.

कार्यक्रम कुणाच्या म्हणण्याने ठरतात हाही प्रश्न येतो. रीप्रिंटवाल्या प्रकाशकाने पैसे दिले आणि त्याच्याच नव्या पुस्तकावर पॅनल ठेवलं तर ते ठेवा, पण "सौजन्य" असं लिहा. डोनरने मात्र पॅनल मागू नये. हे मी जरा ठामपणे म्हणतोय, कारण मागितलं की तो डोनर राहत नाही. एखाद्या कामासाठी म्हणून देता येतं, म्हणजे प्रोजेक्टरसाठी, छपाईसाठी, पण तिथे कोण बोलणार आणि कशावर हे कमिटीचं काम.

आणि शेवटी रद्द झालं तर काय. २०२० मध्ये कोरोनामुळे पल्पफेस्ट भरलंच नाही, तेव्हा हा प्रश्न सगळ्याच कन्व्हेन्शन्ससमोर आला. स्पॉन्सरला जे मिळणार होतं, बॅनर, टेबल, लोगो, ते मिळालं नाही, त्यामुळे पैसे परत मागायचा किंवा पुढच्या वर्षी वळवायला सांगायचा त्याला हक्क असू शकतो, करारात काय लिहिलंय त्यावर आहे, आणि करार नसेल तर दोन ओळींचा ईमेल तरी असावा. डोनरने दिलेलं मात्र दिलेलं असतं, सहसा परत मागता येत नाही, हॉटेलचं डिपॉझिट अडकलेलं असताना संस्थेला तेच पैसे उपयोगी पडतात. म्हणून पैसे पाठवताना चेकच्या मेमोत किंवा ईमेलमध्ये एकच गोष्ट लिहून टाका, देणगी की स्पॉन्सरशिप, आणि स्पॉन्सरशिप असेल तर बदल्यात नक्की काय ठरलं तेही.