मणक्यातले पाणी आणि मेंदूभोवतीच्या पेशी

ताप, उलट्या आणि आखडलेली मान घेऊन बीड-जालन्याकडचा रुग्ण छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात येतो, डॉक्टर मणक्यातले पाणी काढायला सांगतात आणि नातेवाईक हबकतात; त्या सुईने माणूस लुळा पडतो, असा समज आपल्या गावांत खोल रुजला आहे. प्रौढ माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो आणि सुई त्याच्याही खाली टोचतात, त्यामुळे ही भीती सोडून द्यावी, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

मेंदू आणि मज्जारज्जूभोवती दृढतानिका, जालतानिका आणि मृदुतानिका अशी तीन आवरणे असतात. आतल्या दोन आवरणांच्या मधल्या जागेतून मेरुद्रव, म्हणजे हेच मणक्यातले पाणी, वाहतो. मेंदूत लावलेली परकी त्वचा शरीर सहजासहजी झिडकारत नाही, हे ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ पीटर मेडावर यांनी 1948 मध्ये दाखवले आणि मेंदू प्रतिकारशक्तीच्या कक्षेबाहेरच आहे, ही समजूत पुढे कित्येक दशके टिकली. 2015 मध्ये दोन स्वतंत्र गटांना उंदरांच्या दृढतानिकेत लसिकावाहिन्या, म्हणजे शरीरातला जादा द्रव आणि संरक्षक पेशी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या, आढळल्या. मेरुद्रवातील द्रव्ये त्यांतून मानेच्या लसिकाग्रंथींपर्यंत पोहोचतात, म्हणजे मेंदूची खबर प्रतिकारयंत्रणेला मिळत असते.

त्याहून मोठे नवल पुढे कळले. या आवरणांतल्या अनेक संरक्षक पेशी रक्तातून येतच नाहीत. कवटीच्या हाडातील मज्जेतून अतिसूक्ष्म मार्गांनी त्या थेट उतरतात, जसा जायकवाडीच्या कालव्याच्या पाळीची वाट न पाहता शेतकरी बांधावरच्या विहिरीवर मोटार लावतो. दृढतानिकेतील मोठ्या शिरांलगत प्रतिपिंडे तयार करणाऱ्या पेशीही असतात. त्यांतल्या अनेकींची जडणघडण आतड्यातील जंतूंच्या सहवासात झालेली असते, हे 2020 च्या संशोधनातून दिसले. जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांत त्या जवळपास नव्हत्याच.

निरोगी प्रौढाच्या मेरुद्रवात दर घन मिलिमीटरला जेमतेम 5 पर्यंत पांढऱ्या पेशी सापडतात. जंतुसंसर्गाने आवरणांना सूज आली की ही संख्या शेकडो-हजारांवर जाते. पू करणाऱ्या जंतूंच्या आजारात बहुधा न्यूट्रोफिल या प्रकारच्या पांढऱ्या पेशी जास्त असतात, तर या आवरणांच्या क्षयात लिम्फोसाइट हा दुसरा प्रकार वरचढ ठरतो आणि द्रवातील साखर घटते. क्षयाचे जंतू प्रयोगशाळेत वाढवून ओळखायला कित्येक आठवडे लागतात. पेशींची मोजणी मात्र त्याच दिवशी हाती येते आणि बऱ्याचदा तिच्याच आधारे, जंतूंच्या अहवालासाठी न थांबता, क्षयाची औषधे सुरू होतात.