फॉरमॅट मारूनही न जाणारा व्हायरस

संगणकात काहीही शिरलं की सल्ला ठरलेला: फॉरमॅट मारा, विंडोज नव्याने टाका. बहुतेक वेळा त्याने काम भागतंही. पण सप्टेंबर 2018 मध्ये ईसेट या स्लोव्हाक कंपनीने ‘लोजॅक्स’ उघडकीस आणला, तो अख्खी हार्ड डिस्क बदलली तरी परत यायचा. बाल्कन देश आणि मध्य व पूर्व युरोपातल्या सरकारी संस्था त्याचं लक्ष्य होत्या.

लोजॅक्सचं बस्तान मदरबोर्डवरच्या छोट्याशा फ्लॅश चिपमध्ये होतं. बटण दाबल्यावर प्रोसेसर सगळ्यात आधी तिथला प्रोग्रॅम चालवतो. तेच फर्मवेअर, जुन्या मंडळींचं बायॉस. विंडोज आणि अँटिव्हायरस जागे होतात ते त्यानंतर.

मग ही चिप कुणालाही लिहिता येते कशी? अपडेटसाठी ती लिहिती ठेवावीच लागते. इंटेलच्या चिपसेटमध्ये, म्हणजे प्रोसेसरला बाकीच्या भागांशी जोडणाऱ्या चिपमध्ये, त्यासाठी एक बिट असतो: 0 म्हणजे लिहायला बंदी, 1 म्हणजे मोकळीक. विंडोजचा कुठलाही ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारा प्रोग्रॅम) तो 1 करू शकतो, म्हणून वर दुसरा बिट ठेवला. हा लावलेला असताना कुणी पहिला बिट 1 केला, की प्रोसेसर हातातलं काम टाकून ‘सिस्टिम मॅनेजमेंट मोड’ या विशेष अवस्थेत जातो आणि फर्मवेअरचाच कोड तो बिट पुन्हा 0 करतो. दार उघडलं रे उघडलं की वॉचमन धावत येऊन लावतो, तसं.

गोची त्या धावण्यात आहे. प्रोसेसरला कोअर, म्हणजे स्वतंत्रपणे काम करणारे भाग, अनेक, आणि ते सगळे एकाच क्षणी त्या अवस्थेत पोहोचत नाहीत. एका कोअरने बिट 1 करत राहायचं आणि दुसऱ्याने सतत लिहीत राहायचं. मधल्या सूक्ष्म फटीत एखादं लेखन निसटतंच. संशोधकांनी ही शर्यत काही वर्षं आधीच जाहीर केली होती. लोजॅक्सने तीच वापरली.

उपाय म्हणजे तिसरा बिट: सगळे कोअर त्या विशेष अवस्थेत असतील तरच चिपवर लिहिता येईल. शर्यतच रद्द! 2008 नंतरच्या चिपसेटमध्ये ही सोय होती. फक्त बोर्ड बनवणाऱ्याने ती चालू करायची असते, आणि काहींनी ती केलेली नव्हती. मला राग येतो तो याचा.

पुढे इंटेलने ‘बूट गार्ड’ आणलं. त्यात उत्पादकाच्या डिजिटल किल्लीचा ठसा चिपसेटमध्येच कायमचा कोरलेला असतो आणि फर्मवेअरचा पहिला तुकडा चालण्याआधी त्याची डिजिटल सही तपासली जाते. ‘सिक्युअर बूट’ वेगळं. ते फर्मवेअरनंतर येणाऱ्या प्रोग्रॅमच्या सह्या तपासतं. तपासणाराच फितूर झाला तर त्याचा उपयोग काय?

खंडेनवमीला लॅपटॉपवर झेंडूचं फूल जरूर ठेवा, पण त्याच बैठकीत बायॉस अपडेटही पाहा. उत्पादकाच्याच साइटवरून घ्या, चार्जर लावून ठेवा आणि अपडेट अर्ध्यावर तोडू नका. चिप आधीच बाधित असेल, तर मात्र ती स्वच्छ फर्मवेअरने पुन्हा लिहावी लागते. तेही जमलं नाही, तर मदरबोर्ड बदलायचा.