भौतिकोपचार व वैद्यकीय प्रयोगशाळा शिक्षण, भारतातील

डॉक्टर व परिचारिका यांच्याखेरीज रुग्णालयाचे काम ज्यांच्यावर चालते, अशा दोन व्यवसायांचे शिक्षण. भौतिकोपचार म्हणजे व्यायाम, हस्तोपचार, उष्णता, वीज, पाणी इत्यादींच्या साहाय्याने हालचाल पूर्ववत करण्याचे शास्त्र. व्यवहारात ‘फिजिओथेरपी’ हाच शब्द रूढ आहे. भौतिकी चिकित्सा ही संज्ञाही आढळते. वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रविद्येत रक्त, लघवी, थुंकी, ऊती यांचे नमुने घेणे, त्यांवर परीक्षा करणे आणि निष्कर्षांची विश्वसनीयता राखणे हे विषय येतात. दोन्ही शिक्षणक्रम भारतात विद्यापीठांच्या पुढाकाराने नव्हे, तर साथीच्या रोगांमुळे उभे राहिले. पहिल्यामागे पोलिओ होता. दुसऱ्यामागे प्लेग, हिवताप व क्षय.

भौतिकोपचार शिक्षणाचा आरंभ कोठून धरावा, याबद्दल एकवाक्यता नाही. अंग चोळणे, शेक, तालमीतील मालिश आणि हाडवैद्यांचे उपचार यांपासून आरंभ मोजण्याचा मोह होतो. पण या परंपरा आणि आजचा अभ्यासक्रम यांना जोडणारा धागा दाखवता येत नाही. दुसरा पक्ष युद्धकालीन पुनर्वसनाकडे बोट दाखवतो. पहिल्या महायुद्धात अपंग झालेल्या हिंदी सैनिकांसाठी १९१७ मध्ये मुंबईत क्वीन मेरीच्या नावाने तंत्रशाळा निघाली; ती पुढे पुण्याजवळ खडकीला गेली. १९४४ मध्ये पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र सुरू झाले. मात्र या संस्थांचा भर अनुक्रमे व्यवसाय शिकवण्यावर आणि कृत्रिम हातपाय बसवण्यावर होता; भौतिकोपचारज्ञ घडवणे हा त्यांचा हेतू नव्हता.

तिसरा पक्ष व्यवसायोपचाराचा आहे. परळच्या केईएम रुग्णालयात कमला निंबकर यांनी १९५० मध्ये व्यवसायोपचाराची शाळा सुरू केली. निंबकर मूळच्या अमेरिकन, माहेरचे नाव एलिझाबेथ लंडी. विवाहानंतर त्या भारतात स्थायिक झाल्या. भौतिकोपचाराची शाळा याच रुग्णालयात तीन वर्षांनी निघाल्यामुळे पुष्कळदा दोन्ही आरंभ एकत्र सांगितले जातात. हातमाग, सुतारकाम अशा उद्योगांतून व दैनंदिन व्यवहारांतून रुग्णाला कार्यक्षम करणे ही व्यवसायोपचाराची दिशा. स्नायू, सांधे व श्वसन यांवर थेट काम करणे ही भौतिकोपचाराची. शिक्षणाच्या इतिहासात हा भेद राखणे अधिक सयुक्तिक वाटते. तो राखला, तर आरंभबिंदू १९५३ हाच ठरतो.

१९५२ मध्ये मुंबईत पोलिओची मोठी साथ आली. पोलिओची तीव्र अवस्था काही आठवड्यांत ओसरते, पण लुळ्या पडलेल्या अवयवांवर महिनोन्‌महिने काम करावे लागते. शिल्लक स्नायूंची ताकद मोजणे, आकुंचनाने सांधा वाकडा होऊ न देणे, कॅलिपर (पायाला आधार देणारे पट्ट्यांचे साधन) लावून चालायला शिकवणे ही कामे शल्यविशारदाच्या किंवा परिचारिकेच्या रोजच्या शिक्षणात बसत नव्हती. भारत सरकार, मुंबई महानगरपालिका आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या सहकार्याने १९५३ मध्ये केईएममध्ये भौतिकोपचार शाळा व केंद्र स्थापन झाले. इंडियन असोसिएशन ऑफ फिजिओथेरपिस्ट्स ही संघटना १९५५ मध्ये स्थापन झाली आणि १९६७ मध्ये भौतिकोपचाराच्या जागतिक महासंघाची सदस्य बनली. हाजी अलीजवळील अखिल भारतीय भौतिक वैद्यक व पुनर्वसन संस्थाही १९५५ चीच.

दक्षिणेत मात्र प्रवाह वेगळा होता. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शल्यविशारद पॉल ब्रँड यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस कुष्ठरोगाने आखडलेल्या हातांवर कंडरा-स्थलांतराच्या (स्नायू हाडाला जोडणारा दोर दुसऱ्या जागी बसवण्याच्या) शस्त्रक्रिया सुरू केल्या. स्थलांतरित कंडरेला नवे काम ‘शिकवावे’ लागते. शस्त्रक्रियेआधी सांधे मोकळे करणे आणि नंतर नेमक्या स्नायूचे आकुंचन रुग्णाकडून करवून घेणे हे न झाल्यास टाके कितीही चांगले पडले तरी हात निरुपयोगीच राहतो. यातून जवळच्या करिगिरी येथे कुष्ठकार्यासाठी भौतिकोपचार-तंत्रज्ञांचा स्वतंत्र वर्ग तयार झाला. पदवीधर भौतिकोपचारज्ञाहून तो निराळा. कुष्ठरोगाबाहेर त्याचे शिक्षण फारसे मोजले गेले नाही.

प्रारंभीचे शिक्षण पदविकेचे होते. पुढे ते पदवीपर्यंत आले. महाराष्ट्रातील महाविद्यालये १९९८ मध्ये स्थापन झालेल्या नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाखाली आली. येथील पदवी बी.पी.टीएच. (बॅचलर ऑफ फिजिओथेरपी) या नावाने ओळखली जाते. ती दीर्घकाळ साडेचार वर्षांची होती, शेवटचे सहा महिने आंतरवासितेचे (इंटर्नशिपचे). पोलिओचा भारतातील अखेरचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावडा जिल्ह्यात आढळला. ज्या रोगासाठी शाळा निघाली तो गेला, पण पक्षाघात, पाठदुखी, खेळातील दुखापती आणि अतिदक्षता विभागातील श्वसनोपचार यांनी अभ्यासक्रमाची जागा व्यापली.

प्रयोगशाळा शिक्षणाचा इतिहास अधिक विखुरलेला आहे. परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाऊसमध्ये १८९९ मध्ये आलेली प्लेग संशोधन प्रयोगशाळा (१९२५ पासून हाफकिन संस्था), कसौलीची केंद्रीय संशोधन संस्था, गिंडीची किंग संस्था येथे साहाय्यक कामावरच शिकत. ‘पाहून शिकलेला’ माणूस ही दीर्घकाळ या व्यवसायाची खरी पदवी होती. देशातील आरोग्यव्यवस्थेची पाहणी करणाऱ्या भोर समितीच्या १९४६ च्या अहवालाने आरोग्यसेवेसाठी साहाय्यक तंत्रज्ञवर्गाची गरज मांडली. तिला प्रत्यक्ष चालना मिळाली ती राष्ट्रीय कार्यक्रमांमुळे. हिवताप नियंत्रण कार्यक्रम १९५३ मध्ये आणि निर्मूलन कार्यक्रम १९५८ मध्ये सुरू झाला. रक्ताच्या काचपट्ट्या तपासणारे सूक्ष्मदर्शकतज्ज्ञ हवे झाले. बंगळूरची राष्ट्रीय क्षयरोग संस्था १९५९ ची. क्षयकार्यक्रमात निदानाची मदार क्ष-किरणांऐवजी थुंकीच्या परीक्षेवर ठेवली गेल्याने प्राथमिक स्तरावरही तंत्रज्ञ लागला. सुधारित क्षयकार्यक्रमात साधारण एक लाख लोकसंख्येमागे एक सूक्ष्मदर्शन केंद्र हे प्रमाण ठरले.

आरोग्य मनुष्यबळाविषयीच्या १९८७ च्या बजाज समितीच्या शिफारशींनंतर बारावीच्या स्तरावरील व्यावसायिक शिक्षणालाही बळ मिळाले. डी.एम.एल.टी. (वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रविद्येची) ही पदविका आणि बी.एस्सी. पदवी दोन्ही समांतर चालू राहिल्या. बारावीनंतरची पदविका, विज्ञान पदवीनंतरची पदविका आणि संस्थांची स्वतःची प्रमाणपत्रे एकाच नावाखाली वावरतात. म्हणून दोन ‘डीएमएलटी’धारकांच्या शिक्षणात मोठी तफावत असू शकते. रक्तपेढ्यांच्या बाबतीत औषध नियमांनी तंत्रज्ञाची अर्हता ठरवली, खाजगी प्रयोगशाळांना मात्र असे काटेकोर बंधन बराच काळ नव्हते. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रयोगशाळा-अहवालावर विकृतिशास्त्रातील पदव्युत्तर अर्हता असलेल्या नोंदणीकृत वैद्यकाचीच प्रतिस्वाक्षरी हवी, असे सांगितले. तंत्रज्ञांनी स्वतंत्रपणे चालवलेल्या प्रयोगशाळांचा प्रश्न त्यामुळे तीव्र झाला.

नियमन दोन्ही क्षेत्रांत उशिरा आले. दिल्लीने १९९७ मध्ये आणि महाराष्ट्राने २००२ च्या अधिनियमाने व्यवसायोपचार व भौतिकोपचार यांची परिषद केली. केंद्रीय परिषदांचे २००७ चे विधेयक व्यपगत झाले. अखेर राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियम २०२१ मध्ये संमत झाला. त्यात व्यवसायांचे दहा वर्ग आहेत. भौतिकोपचार हा एक, प्रयोगशाळा व जीवविज्ञान हा दुसरा. तंत्रज्ञ स्तरासाठी किमान २,००० तासांचे आणि आरोग्यसेवा व्यावसायिकासाठी किमान ३,६०० तासांचे शिक्षण सांगितले आहे. २०२५ च्या आयोगाच्या अभ्यासक्रमात भौतिकोपचाराची पदवी वर्षभराच्या आंतरवासितेसह पाच वर्षांची आहे. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, भौतिकोपचारज्ञांनी ‘डॉक्टर’ ही उपाधी लावू नये, असे पत्र केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने काढले आणि दुसऱ्याच दिवशी मागे घेतले. प्रयोगशाळा तंत्रज्ञांच्या बाबतीत वाद उपाधीचा नाही, सहीचा आहे.