धरून ठेवणं जमतं, सोडणं शिकावं लागतं

दोन-अडीच वर्षांचं मूल खेळता खेळता पडद्यामागे जातं. चवड्यांवर उभं राहतं, पाय एकमेकांवर आवळतं, चेहरा लालबुंद होतो. घरातल्यांना वाटतं, बाळ जोर करतंय. बहुतेक वेळा ते शी आत धरून ठेवत असतं. हा फरक मोठ्यांच्या लक्षात आला नाही की पुढचं सगळं बिघडतं. मुलाला घाईने भांड्यावर बसवलं जातं, ते रडतं, आणखी आवळून धरतं, आणि दोन दिवसांनी येणारी शी कडक आणि दुखरी असते.

शी-शूची सवय लावणं म्हणजे मुलाला धरून ठेवायला शिकवणं, असा आपला समज असतो. धरून ठेवणं त्याला फारसं न शिकवता जमतं. ठरलेल्या जागी, कुणीतरी समोर असताना, स्नायू सैल सोडणं हे अवघड काम आहे.

तान्ह्या बाळाचं मूत्राशय भरलं की मज्जारज्जूच्या खालच्या भागातूनच ते रिकामं करण्याचा संदेश सुटतो. मेंदूच्या परवानगीसाठी फारसं थांबलं जात नाही. दीड ते अडीच वर्षांच्या दरम्यान मेंदूचा पुढचा भाग या कारभारात लक्ष घालू लागतो. मूत्राशयही मोठं होत असतं. वयाच्या वर्षांत एक मिळवून तीसने गुणलं की त्याची साधारण क्षमता मिलिलिटरमध्ये मिळते. म्हणजे दोन वर्षांच्या मुलाची सुमारे ९०, तीन वर्षांच्या मुलाची १२०. मूत्राशयाच्या तोंडाशी आवळणारे दोन स्नायू असतात. आतला आपोआप चालतो, बाहेरचा आपल्या हुकमातला. मुलाला ताबा मिळतो तो बाहेरच्यावर, आणि भीती, घाई किंवा तोल जाण्याची धास्ती वाटली की हाच स्नायू आधी घट्ट होतो.

त्यामुळे बसण्याची जागा हा किरकोळ मुद्दा नाही. पाय लोंबकळत असले की मूल तोल सांभाळण्यासाठी मांड्या आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू ताणून धरतं. शीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाला मागून गोफणीसारखा वेढा घालणारा एक स्नायू असतो. आपण उभे किंवा ताठ बसलेले असताना तो आतड्याला पुढे ओढून बाक आणतो, आणि त्या बाकामुळे शी अडून राहते. उकिडवं बसलं की हा वेढा सैलावतो, वाट बरीच सरळ होते. आजी पाय पसरून बसते, बाळाला दोन्ही पावलांवर बसवते आणि तोंडाने शूऽऽ करते, त्यात हेच शरीरशास्त्र आहे: गुडघे वर, पाठीला आधार, खाली पडायची भीती नाही. तो आवाज रोज त्याच क्षणी ऐकून शरीर त्याच्याशी क्रिया जोडून घेतं.

आता घराघरांतली अडचण पाहू. नाशिकच्या पंचवटीतल्या जुन्या वाड्यात अंगणापलीकडे भारतीय पद्धतीचा संडास, तर गंगापूर रोडवरच्या फ्लॅटमध्ये कमोड. भारतीय भांड्याची बैठक योग्य, पण दोन पायठशांमधलं अंतर छोट्या पायांना फार पडतं आणि मधलं भोक मुलाला भीतिदायक वाटतं. सुरुवातीला मोरीत, कागदावर किंवा छोट्या प्लास्टिकच्या भांड्यावर बसवणं उत्तम. भांड्याची उंची अशी हवी की दोन्ही तळवे पूर्ण जमिनीला टेकतील आणि गुडघे कमरेपेक्षा किंचित वर राहतील. कमोड सुमारे ४० सेंटिमीटर उंच असतो आणि दोन वर्षांच्या मुलाच्या पायाची गुडघ्यापर्यंतची उंची जेमतेम २० सेंटिमीटर. म्हणून वर लहान मुलांची रिंग आणि पायाखाली २० ते २५ सेंटिमीटर उंचीचं, न सरकणारं स्टूल, दोन्ही हवं. नुसती रिंग आणून काम अर्धवट राहतं. मुलगा असला तरी शूसाठीही आधी बसूनच शिकवावं. बसल्यावर स्नायू जास्त सैलावतात, आणि शू करता करता शीही होऊन जाते.

सुरुवात कधी करायची, याचं उत्तर वाढदिवसात सापडत नाही. मूल दीड-दोन तास कोरडं राहतं का? ओलं झाल्यावर येऊन सांगतं, चड्डी ओढतं का? ‘चड्डी काढ आणि भांड्यावर बस’ अशी दोन टप्प्यांची सूचना समजते का? शी करायला कोपरा शोधतं का? यातल्या बहुतेक गोष्टी दिसू लागल्या की वेळ झाली. अमेरिकन बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रेझल्टन यांनी १९६२ साली १,१७० मुलांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. मुलाच्या कलाने शिकवलेली ही मुलं दिवसा कोरडी राहू लागली तेव्हा सरासरी साडेअठ्ठावीस महिन्यांची होती. रात्री कोरडं राहायला आणखी जवळपास पाच महिने लागले. ‘आमच्या वेळी वर्षाच्या आत पोरं सांगायची’ हे आजीचं म्हणणंही खोटं नसतं. लंगोट ओला झालेला लगेच कळे, आणि घरातल्या बाईला बाळाच्या वेळा पाठ असत. तिथे वेळ मोठ्यांनी ओळखलेली असे. स्वतःहून ओळखणं, चड्डी उतरवणं, बसणं आणि सोडणं हे पुढचं काम, आणि त्याला मेंदूच्या वाढीची वाट पाहावीच लागते.

डायपरने ही वाट थोडी लांबवली आहे. त्यातले सोडियम पॉलिअॅक्रिलेटचे दाणे शू शोषून तिची जेली करतात, त्वचा कोरडी राहते आणि ‘दाटून आलं, सुटलं, ओलं झालं’ हा धागा मुलाच्या मनात जुळत नाही. म्हणून शिकवायला लागल्यावर दिवसा घरात सुती चड्डी घालावी. दहा-बारा चड्ड्या हाताशी असाव्यात. नाशकात यासाठी मार्च ते मे हे महिने सोयीचे. अंगावर कपडे कमी असतात, धुतलेलं तासाभरात वाळतं. पावसाळ्यात चड्ड्या दोन-दोन दिवस दमट राहतात. थंडीत, निफाडकडे पारा पाच अंशांच्या आसपास उतरतो तेव्हा, त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात, घाम जवळजवळ येत नाही आणि शूचं प्रमाण वाढतं. शिवाय तीन थर उतरवेपर्यंत उशीर झालेला असतो. थंडीत शिकवू नये असं नाही, पण जास्त वेळा ओलं होईल हे धरून चालावं. वापरलेला डायपर कागदात गुंडाळून, ओल्या-सुक्या कचऱ्यापासून वेगळा घंटागाडीत द्यावा. त्यातली शी आधी संडासात टाकावी.

पहिले चार-पाच दिवस काहीच शिकवू नका, फक्त वेळा टिपा. जेवणानंतर पोट भरलं की मोठं आतडं हालचाल सुरू करतं, म्हणून सकाळच्या दुधानंतर किंवा नाश्त्यानंतर १५ ते ३० मिनिटांनी शीची शक्यता सर्वांत जास्त असते. ती वेळ पकडा. तीन ते पाच मिनिटं बसवा, त्याहून जास्त नाही. मोबाइल हातात देऊ नका. मूल अर्धा तास बसून राहील, पण लक्ष शरीराकडे राहणार नाही. त्यापेक्षा पिपाणी द्या. फुंकर मारताना पोटाचा दाब हलकेच वाढतो आणि श्वास रोखून कुंथायची सवय लागत नाही. शूसाठी झोपेतून उठल्यावर, बाहेर पडताना आणि साधारण दर दोन तासांनी न्यावं. ‘शू आली का?’ असं विचारलं की उत्तर ‘नाही’ हेच येतं. ‘चला, शूची वेळ झाली’ म्हणावं. दर पंधरा मिनिटांनी मात्र नेऊ नये. मूत्राशय कधी पूर्ण भरतच नाही, मग भरल्याची जाणीव ओळखायची संधीच मुलाला मिळत नाही.

भाषेकडेही लक्ष द्यावं. मराठीत ‘शी’ हा एकच उच्चार आपण दोन कामांना वापरतो: ‘शी आली’ आणि ‘शीऽऽ, घाण!’ मूल दोन्ही ऐकतं आणि आपल्या पोटातून आलेली वस्तू लाजिरवाणी आहे असं शिकतं. मग ते लपून करतं किंवा धरून ठेवतं. चड्डीत झालं तर ‘शी भांड्यात करायची असते, पुढच्या वेळी सांग हं’ एवढंच, आणि तेही शांत आवाजात. फ्लश मूल उठल्यावर करा, आवाजाने दचकणारी मुलं बरीच असतात. थंडीत जेटचा गार फवारा एकदम मारू नका. मगमध्ये कोमट पाणी घ्या. मुलींना पुढून मागे धुवावं, कारण मूत्रमार्ग आखूड असतो आणि शीमधले जंतू सहज तिथे पोचतात. नंतर साबणाने हात, मुलाचे आणि आपलेही.

सर्वांत जास्त त्रास देणारी गोष्ट बद्धकोष्ठता. एकदा शी करताना दुखलं की मूल पुढची धरतं. थांबलेल्या शीतलं पाणी आतडं शोषून घेतं, ती आणखी कडक होते, आणखी दुखते. महिनाभर असं चाललं की आतड्याचा शेवटचा भाग ताणून ढिला पडतो, भरल्याची जाणीव बोथट होते आणि कडक गोळ्याच्या बाजूने पातळ शी झिरपून चड्डीला डाग पडतात. घरात त्याला जुलाब समजून जुलाब थांबवायचं औषध दिलं जातं आणि प्रकरण चिघळतं. मुलाला वाटलं तरी ती झिरपणारी शी धरता येत नाही, म्हणून रागावणं इथे अन्यायाचं आहे. अशा मुलाचं शिकवणं थांबवा, आधी बालरोगतज्ज्ञांकडून शी मऊ करणारं औषध घ्या आणि सांगतील तितके दिवस द्या. बरं वाटताच बंद केलं की चक्र परत सुरू होतं. जेवणात दूध दिवसाला अर्ध्या लिटरच्या आत ठेवा. दूध-बिस्किटांवर वाढणाऱ्या मुलाच्या पोटात भाजी-भाकरीला जागाच उरत नाही. मऊ कुस्करलेली भाकरी-वरण, पपई, पेरूचा गर, रात्री भिजवून कुस्करलेल्या मनुका, आणि दिवसभर थोडं थोडं पाणी. नाशकातली द्राक्षं द्यायची तर प्रत्येक द्राक्ष उभं चार भागांत चिरूनच; अख्खं द्राक्ष लहान मुलाच्या श्वासनलिकेत अडकू शकतं.

काही मुलं शू भांड्यात करतात, पण शीसाठी डायपर मागतात. द्यावा. धरून ठेवण्यापेक्षा ते केव्हाही बरं. मग काही दिवस डायपर घालून संडासातच उभं राहायचं, नंतर डायपरसकट भांड्यावर बसायचं, नंतर डायपर सैल, शेवटी नुसता भांड्याच्या तळाशी. प्रत्येक पायरीला आठवडा लागला तरी चालेल. धाकटं भावंड आलं, घर बदललं, ताप येऊन गेला की शिकलेलं मूलही मागे जातं. चार-सहा आठवडे थांबून पुन्हा सुरुवात करावी.

रात्रीचा हिशोब वेगळा. झोपेत शू कमी तयार करणारं संप्रेरक पुरेसं स्रवणं आणि भरलेल्या मूत्राशयाने जाग येणं, या दोन्ही गोष्टी शिकवून येत नाहीत. पाच वर्षांच्या साधारण १५ टक्के मुलांचं अंथरूण अजून ओलं होतं. त्याआधी औषधोपचाराचा विचार सहसा केला जात नाही. पण कोरडं राहणारं मूल अचानक ओलं करू लागलं आणि सोबत ताप, शू करताना जळजळ असेल तर लघवीची तपासणी करा; खूप तहान आणि वजन घटणं दिसलं तर त्याच दिवशी रक्तातली साखर. सतत थेंब थेंब गळणं, बारीक धार, किंवा कमरेच्या खाली मणक्यावर केसांचा झुपका वा खळगा असेल, तरीही डॉक्टरांना दाखवा.

जूनमध्ये नर्सरी सुरू होते आणि ‘डायपर चालणार नाही’ म्हणून मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात घाई उडते. दोन-तीन महिने आधी सुरुवात केली तर ती टळते. दप्तरात दोन चड्ड्या, एक इलॅस्टिकची पँट आणि प्लास्टिकची पिशवी ठेवा. बटणांची पँट नको. बाईंना मुलाचा शब्द सांगून ठेवा. घरी ‘शू’ म्हणणाऱ्या मुलाला ‘वॉशरूमला जायचंय का?’ हे कळत नाही, आणि ते मान हलवून ‘नाही’ म्हणतं. बरीच मुलं शाळेत दिवसभर धरून ठेवतात. घरी आल्यावर डबा उघडायच्या आधी, बूट काढले की थेट भांड्यावर बसवा.