नव्या गाडीच्या लेदरला जुन्या लेदरसारखा वास काऊन येत नाही

माझ्या भाऊजींनी मागच्या महिन्यात नवी गाडी घेतली, लेदर सीटवाली, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांचा फोन, की अरे फसवलं रे मला, हे लेदर नाहीच, लेदरचा वासच येत नाही याला. त्यांच्या नाकात बसलाय तो लहानपणीचा वास, सिव्हिल लाइन्समधे एका वकिलांकडे जुनी इंग्लिश गाडी होती तिचा. मी म्हटलं भाऊजी, वासावरून खरं-खोटं नका ठरवू, आपण नागपुरातच सदरला, गाड्यांच्या सीट शिवणाऱ्या कुशनवाल्या चाचांकडे जाऊ.

चाचांकडे नेमकी एक साठच्या दशकातली विलायती गाडी सीटच्या कामाला आलेली होती. त्यांनी तिचा एक उसवलेला तुकडा आणि एका नव्या अपघाती गाडीच्या सीटचा एक तुकडा असे दोन्ही टेबलावर ठेवले, म्हणाले, "दोनों असली है, सूंघ के देखो भाऊ."

जुन्याला बारीक बारीक भेगा होत्या, नाकाशी नेला तर आधी गोडसर, मग तेलकट, जरासा माशासारखा, आणि मागून जुन्या गोदामासारखा वास. नव्याचा दाणा एकदम एकसारखा, वरून जवळपास काहीच नाही, थोडा नव्या प्लास्टिकसारखा म्हणा. पण तोच तुकडा उलटा करून नखाने खरवडला तेव्हा कुठे हलकासा चामड्याचा वास आला. म्हणजे वास आत आहे, वरून झाकलाय.

मला वाटायचं जुन्याचा वास म्हणजे झाडाच्या सालीचा. नवीन कोल्हापुरी चप्पल नाकाशी धरून बघा, ते चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं असतं, त्याचा तो लाकडासारखा वास. पण चाचांनी जुन्या तुकड्याची कड ब्लेडने ताजी कापून दाखवली तर आतून निळसर करडी निघाली. ही क्रोमची, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी चामडं कमावल्याची खूण. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी क्रोमने कमावणं सुरू झालं, सालीने आठवडे लागायचे ते काम फार लवकर व्हायला लागलं, आणि पुढे गाड्यांच्या सीटचं बरंचसं चामडं क्रोमचंच झालं. आणि क्रोमला स्वतःचा वास फारसा नसतो! मग भाऊजींच्या नाकात बसलेला वास कशाचा?

तेलाचा. चामडं कमावून झालं की ते मऊ राहावं म्हणून त्यात तेल मुरवावंच लागतं, नाहीतर वाळून पुठ्ठ्यासारखं होतं. आधी यात माशाचं तेल आणि गाईबैलांच्या पायाच्या हाडांचं तेल भरपूर असायचं, ते हवेशी हळूहळू रिअॅक्ट होत राहतं आणि वर्षानुवर्षं वास देतं. त्यात वरचं कोटिंग म्हणजे नायट्रोसेल्युलोज लॅकरचा पातळ थर, तो काही वर्षांत तडकला की आतला वास मोकळा. आणि सीटच्या आत घोड्याचे केस, खाली लोकरीचं कार्पेट, समोर लाकडाचा डॅशबोर्ड, हे सगळं मिळून तो वास.

मग कंपन्यांनी हे बदललं काऊन? मला यातलं सगळ्यात पटणारं कारण काचेचं आहे. उन्हात गाडी तापली की सीटमधली तेलं, प्लास्टिकमधली रसायनं यांची वाफ होते आणि ती समोरच्या काचेला आतून तेलकट थर होऊन चिकटते, रात्री समोरून लाइट आला की काही दिसत नाही. याला फॉगिंग म्हणतात, आणि त्याची जर्मन टेस्ट आहे, डीआयएन 75201, तिच्यात तुकडा 100 डिग्रीला तापवून थंड काचेवर किंवा फॉइलवर किती जमतं ते मोजतात. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर 45 असताना फुटाळा तलावावर गाडी उन्हात लावली की आत 60 च्या वर जातंच, त्यामुळे ही टेस्ट नागपूरवाल्यांसाठीच केल्यासारखी वाटते मला. तर या टेस्टमधे पास व्हायला कमी उडणारी, बरीचशी सिंथेटिक तेलं आली. सॉल्व्हंटवाल्या लॅकरच्या जागी पाण्यात कालवलेलं पॉलियुरेथेन, म्हणजे एक प्लास्टिकसारखं कोटिंग आलं, ते डाग आणि घाम आत जाऊ देत नाही, पण वासही बाहेर येऊ देत नाही.

वासाची वेगळी टेस्टसुद्धा आहे, जर्मन गाडी कंपन्यांच्या संघटनेची, व्हीडीए 270. तुकडा बरणीत बंद करून गरम करायचा आणि माणसांनी नाकाने हुंगून 1 ते 6 मार्क द्यायचे, 1 म्हणजे वासच नाही, 6 म्हणजे सहन न होणारा. म्हणजे वास जितका कमी तितका माल चांगला.

नव्या तुकड्याची कड पांढरट होती. क्रोमशिवाय, ग्लुटाराल्डिहाइड नावाच्या रसायनाने कमावलेलं चामडं असं दिसतं. बीएमडब्ल्यूने 2013 च्या आय3 मधे ऑलिव्हच्या पानांच्या अर्काने कमावलेलं चामडं दिलं होतं.

आणि उलटीकडून सांगायचं तर लेदरचा वास आला म्हणजे लेदर असंही नाही. लेदरच्या वासाचे परफ्यूम कुठेही मिळतात. कॅडिलॅकने तर 2003 मधे सीटच्या चामड्यातच घालायला एक वास मुद्दाम बनवून घेतला होता, न्युआन्स नावाचा. आणि आपल्यापैकी बऱ्याच जणांना अॅम्बेसेडरचा जो वास आठवतो ना, लेदर लेदर म्हणून, त्या सीटा बहुतेक रेक्झिनच्या होत्या.

म्हणून चाचा हुंगत बसत नाहीत, उलटी बाजू बघतात. त्यांनी भाऊजींच्या सीटच्या पाठीमागची खालची क्लिप सोडली, मोबाइलचा टॉर्च आत धरला आणि शिलाई दाखवली. शिलाईच्या एका बाजूला मऊ, विस्कटलेले तंतू, म्हणजे चामडं. दुसऱ्या बाजूला एकसारखं विणलेलं पांढरं कापड, म्हणजे रेक्झिन. बसतो आणि टेकतो तिथे लेदर, बाजूला आणि मागे रेक्झिन. आजकाल असंच देतात आणि ब्रोशरमधे बारीक अक्षरात लिहिलेलंही असतं. भाऊजी ते शिलाईवर बोट फिरवून दोनदा बघत होते, मग म्हणाले तेल लावायचं का याला, जुन्या गाडीला वकीलसाहेब लावायचे. चाचा म्हणाले नका लावू, कोटिंगच्या आत जाणारच नाही, वर चिकट राहील आणि धूळ धरेल, ओल्या कपड्याने पुसा बस. जुन्या गाडीला मात्र ते स्वतः कंडिशनर चोळत होते, एकेक भेग बोटाने भरत, आणि दुकानभर तोच वास पसरलेला होता.