थर्मल कॅमेरा निवडण्यापूर्वी

थर्मल कॅमेऱ्याला उजेड लागत नाही. प्रत्येक वस्तू आपल्या तापमानानुसार अवरक्त किरण बाहेर टाकत असते आणि कॅमेरा तेच टिपतो. स्क्रीनवरचे लाल-पिवळे-निळे रंग वस्तूचे नसतात. तापमानातला फरक डोळ्यांना कळावा म्हणून ते यंत्राने भरलेले असतात.

हे किरण असतात, हे १८०० साली विल्यम हर्शेल यांना आढळले. त्यांनी लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग पाडले आणि तांबड्या रंगाच्या पलीकडे, जिथे काहीच दिसत नव्हते तिथे, तापमापक ठेवला. तापमान तिथेही चढले. १८८० च्या सुमारास सॅम्युएल लँगली यांनी बोलोमीटर तयार केला. ऊब लागली की धातूच्या बारीक पट्टीचा विद्युतरोध बदलतो, तो बदल मोजायचा. आज हातात धरून वापरायच्या बहुतेक कॅमेऱ्यांत हेच तत्त्व सूक्ष्म रूपात काम करते.

मधल्या काळात मात्र शीत डिटेक्टरांचे राज्य होते. इंडियम अँटिमोनाइड किंवा मर्क्युरी कॅडमियम टेल्युराइडचे हे डिटेक्टर साधारण उणे १९६ अंश सेल्सिअसपर्यंत थंड ठेवावे लागतात, नाहीतर त्यांच्या स्वतःच्याच उष्णतेत चित्र बुडून जाते. पूर्वी त्यासाठी द्रव नायट्रोजन वापरत, आता छोटा कूलर असतो. हे कॅमेरे अतिशय वेगवान आणि संवेदनशील असतात, पण महाग, आणि कूलर झिजतो. संशोधन, वायुगळती किंवा फार लांबची टेहळणी असेल तरच त्यांच्या वाटेला जावे.

चित्र पालटले ते मायक्रोबोलोमीटरमुळे, म्हणजे बोलोमीटरच्या त्याच सूक्ष्म रूपामुळे. अमेरिकेत हनीवेल कंपनीने व्हॅनेडियम ऑक्साइडवर केलेले हे काम लष्करी गुपित होते. १९९२ मध्ये ते खुले झाले आणि विनाशीतलन कॅमेरे सामान्य कारखान्यांपर्यंत पोचले. पॅनेल, मोटार, बेअरिंग, भिंतीतली ओल यांसाठी आम्ही हाच प्रकार सुचवतो. वापरताना मधूनच ‘टक्’ असा आवाज येतो आणि चित्र क्षणभर थांबते. तो बिघाड नव्हे. आतले शटर बंद करून कॅमेरा सगळे पिक्सेल एकसारखे करून घेत असतो.

पिक्सेलांच्या बाबतीत काटकसर करू नका. १६० × १२० च्या कॅमेऱ्यात १९,२०० बिंदू असतात, ६४० × ४८० मध्ये ३,०७,२००. मोजायची वस्तू चित्रात निदान ३ × ३ पिक्सेल व्यापत नसेल, तर आजूबाजूचे तापमान त्यात मिसळते आणि तापलेला स्क्रू थंड वाटतो.

सर्वात जास्त फसगत होते ती चकचकीत धातूवर. तांब्याचा घासलेला बसबार (पॅनेलमधली वीज वाहून नेणारी जाड पट्टी) स्वतःची उष्णता फारच कमी बाहेर टाकतो आणि समोर उभ्या माणसाची ऊब आरशासारखी परत पाठवतो. आकडा ३५ दिसतो, बसबार ८० वर असू शकतो. उपाय सोपा आहे: वीजपुरवठा बंद असताना तिथे काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा लावून ठेवा, कॅमेऱ्यात उत्सर्जकता (पृष्ठभाग किती चांगले अवरक्त किरण बाहेर टाकतो, त्याचा आकडा) ०.९५ ठेवा आणि लोड आल्यावर सुरक्षित अंतरावरून टेपवरचे तापमान वाचा. काचेपलीकडचे तर मोजूच नका. साधी काच हे किरण अडवते, म्हणूनच या कॅमेऱ्याची लेन्स सहसा जर्मेनियमची असते. पॅनेलच्या दाराला काच असेल, तर दिसते ते काचेचे तापमान.

चौकशीला येताना तीन गोष्टी सांगा: काय मोजायचे, किती अंतरावरून आणि जास्तीत जास्त किती तापमानापर्यंत. शक्य असल्यास त्या जागेचा साधा फोटो आणा. पृष्ठभाग रंगवलेला आहे की उघडा धातू, हे त्यातून लगेच कळते.