ऑन-द-रूफ गँग

ऑन-द-रूफ गँग (‘छतावरची टोळी’) : जपानी नौदलाचे बिनतारी संदेश ऐकून टिपून घेण्यासाठी अमेरिकी नौदल आणि मरीन कोअरने १९२८ ते १९४१ या काळात गुपचूप तयार केलेल्या १७६ रेडिओ ऑपरेटरांना पडलेले नाव. त्यांतले १५० जण नौदलाचे, २६ मरीन. वॉशिंग्टनमधल्या नौदल मुख्यालयाच्या गच्चीवर बांधलेल्या एका खोलीत त्यांचा वर्ग भरे, त्यावरून हे नाव.

नौदलाच्या गुप्तलिपीचा इतिहास सांगताना बहुधा संकेत फोडणाऱ्यांचेच कौतुक होते. पण फोडायला आधी हातात मजकूर हवा, आणि तो कानाने पकडून कागदावर उतरवण्याचे काम या ऑपरेटरांचे होते.

शिकायला येणारे बहुतेक मुरलेले तारायंत्रवाले असत आणि तीच त्यांची अडचण ठरे. जपानी मोर्स (टिंब आणि रेघांच्या खुणांची तारभाषा) कटाकाना लिपीवर चालते. ही लिपी ‘का, कि, कु, के, को’ अशी एकेका उच्चाराला एकेक अक्षर देणारी. तिचा तक्ताही ‘आ, का, सा, ता, ना’ अशा क्रमाने मांडतात. या मांडणीवर बौद्ध धर्मासोबत तिकडे पोहोचलेल्या संस्कृत वर्णमालेची छाप आहे, त्यामुळे मराठी वाचकाला त्यात फारसे परके वाटू नये. अमेरिकी ऑपरेटरला मात्र २६ अक्षरांऐवजी सुमारे ५० खुणा पाठ कराव्या लागत, आणि अंगवळणी पडलेल्या खुणा विसराव्या लागत ते वेगळेच. टिंब-रेघ ऐकले की त्याचा हात आपोआप ‘ए’ या कळीकडे जाई, पण जपानीत ती खूण ‘इ’ची. रेघ-टिंब-रेघ-टिंब म्हणजे ‘सी’ नव्हे, ‘नि’. यासाठी अंडरवूड कंपनीकडून खास टाइपरायटर बनवून घेतला होता. ऐकलेल्या खुणेची कळ दाबली की रोमन लिपीत जपानी उच्चार उमटे.

पहिले शिक्षक हॅरी किडर. फिलिपिन्समध्ये नेमणुकीवर असताना ते स्वतःच्या हिकमतीने हे मोर्स शिकले होते. ही सारी योजना नौदल अधिकारी लॉरन्स सॅफर्ड यांच्या ‘ओपी-२०-जी’ या गुप्तलिपी विभागाची. आलेल्या मजकुरावर डोके चालवून संकेत फोडणाऱ्यांत ॲग्नेस ड्रिस्कॉल यांचा अधिकार मोठा होता. पुढे नावाजलेल्या अनेक अधिकाऱ्यांनी या विद्येची मुळाक्षरे त्यांच्याकडेच गिरवली.

शिकून तयार झालेली माणसे गुआम, फिलिपिन्स, शांघाय, हवाई अशा ठिकाणी पाठवली जात. रात्रपाळीला हेडफोन लावून खरखरीतून नेमका सूर वेगळा काढायचा, हे रोजचे काम. मजकूर कळला नाही तरी कोण कोणाशी आणि किती बोलतो यावरून आरमाराच्या हालचालींचा माग लागे. कसलेल्या कानाला तर समोरच्या जपानी ऑपरेटरच्या हाताची लकबही ओळखू येई.

या कामाचे चीज पॅसिफिक महासागरातल्या मिडवे या अमेरिकी बेटाजवळच्या लढाईत झाले. पर्ल हार्बरच्या तळघरात जोसेफ रॉशफोर्ट यांचा गट ‘जेएन-२५’ या जपानी संकेतावर काम करत होता. संदेशांत ‘एएफ’ नावाच्या जागेवर हल्ला होणार असे दिसत होते. ती जागा मिडवेच, अशी रॉशफोर्ट यांना खात्री होती, पण वॉशिंग्टनला पटेना. तेव्हा गोड्या पाण्याचे यंत्र बिघडल्याची खोटी ओरड मिडवेवरून साध्या भाषेत करवली गेली. लवकरच जपानी संदेश पकडला गेला : ‘एएफ’वर पाण्याची टंचाई आहे. जून १९४२ मधल्या या लढाईत जपानने चार विमानवाहू जहाजे गमावली. रॉशफोर्ट यांना मात्र त्याच वर्षी पर्ल हार्बरहून हलवले गेले. त्यांच्यासाठी सुचवलेले सन्मानपदक हाती पडले १९८६ मध्ये, ते वारल्यानंतर १० वर्षांनी. इतका उशीर अक्षम्यच म्हणावा लागेल.

फिलिपिन्समधल्या कॉरिगिडॉर बेटावरच्या केंद्रातली माणसे पाणबुड्यांतून निसटली. गुआमवरचे ऑपरेटर डिसेंबर १९४१ मध्येच जपान्यांच्या कैदेत पडले होते. युद्ध संपल्यावरही तोंड उघडायची मुभा नव्हती. नोकरीत नेमके काय केले, हे अनेकांच्या घरच्यांना कित्येक वर्षे कळले नाही.

या पेशाचे प्रशिक्षण आज फ्लोरिडातल्या पेन्सकोला इथल्या कॉरी स्टेशनवर चालते, आणि नौदलातल्या निवृत्त गुप्तलिपीवाल्यांची संघटनाही त्याच गावी आहे. वॉशिंग्टनची ती इमारत, गच्चीसकट, १९७० च्या सुमारास पाडली गेली. तिथे आता कॉन्स्टिट्यूशन गार्डन्स ही बाग आहे.